एकच खटका, दोन कामं: पेन आणि लीड पेन्सिलीच्या पोटात काय चालतं

खटका दाबला की टोक बाहेर येतं. तोच खटका, त्याच दिशेने, तेवढ्याच जोराने पुन्हा दाबला की टोक आत जातं. बोटाने केलेली क्रिया दोन्ही वेळा सारखीच, परिणाम मात्र उलटे. म्हणजे आधीच्या दाबात काय झालं होतं, याची नोंद पेनच्या आत कुठेतरी राहत असली पाहिजे. साध्या दहा रुपयांच्या पेनमध्ये ती ठेवायला जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा आणि एक स्प्रिंग पुरते. हा तुकडा कसा चालतो हे एकदा कळलं, की लीड पेन्सिल आणि चार रंगांचं पेनही कळायला सोपं जातं. बिघडलेलं पेन फेकायचं की दोन मिनिटांत दुरुस्त करायचं, हेही ठरवता येतं.

फिरकी कशी फिरते

पारदर्शक धडाचं खटक्याचं पेन मिळालं तर उत्तम, कारण बहुतेक पेनांत वरचा भाग दाबून बसवलेला असतो आणि न मोडता निघत नाही. आत तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे खटक्याचं खालचं टोक. त्याची कडा दातेरी असते, पण खटका स्वतः फिरत नाही, नुसता वरखाली होतो. दुसरी, त्याच्या खाली बसलेला सुटा तुकडा. त्याला आपण फिरकी म्हणू. फिरकीच्या अंगावर उभे कंगोरे असतात आणि त्यांची वरची टोकं तिरकी कापलेली असतात. रिफिलचं मागचं टोक या फिरकीला टेकलेलं असतं. तिसरी गोष्ट म्हणजे धडाची आतली भिंत. तिच्यावर उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये आळीपाळीने एक लांब खोबण, एक आखूड खोबण असते. पट्ट्यांची खालची टोकंही तिरकीच असतात. सगळं कोडं या तिरक्या कडांमध्ये आहे.

टोक आत असताना फिरकीचे कंगोरे लांब खोबणीत वर चढून बसलेले असतात. खटका दाबला की त्याचे दाते फिरकीला खाली ढकलतात. दाते तिरके असल्यामुळे ते फिरकीला वळवायलाही बघतात, पण कंगोरे खोबणीत अडकलेले असल्याने तिला वळता येत नाही. ती सरळ खाली जाते. खोबणीच्या भिंती संपल्या की कंगोरे मोकळे होतात आणि खालून रेटणाऱ्या स्प्रिंगमुळे फिरकी खटक्याच्या तिरक्या दात्यावरून घसरून थोडीशी वळते. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ बहुतेक याच क्षणाचा असतो.

आता अंगठा सोडायचा. स्प्रिंग फिरकीला वर ढकलते, पण ती मघापेक्षा वळलेली असल्यामुळे कंगोरे जुन्या खोबणीत शिरत नाहीत. ते पट्टीच्या तिरक्या टोकावर आदळतात, तिच्यावरून घसरतात, आणखी थोडे वळतात आणि आखूड खोबणीत जाऊन अडकतात. ही खोबण लगेच संपते, म्हणून फिरकी वर जाऊ शकत नाही आणि टोक बाहेर राहतं. पुन्हा दाबलं की हाच क्रम घडतो, फक्त या वेळी पुढचा मुक्काम लांब खोबणीचा असतो. फिरकी वर चढते, टोक आत जातं.

धडात चार लांब आणि चार आखूड खोबणी असतील तर फिरकी दर दाबाला ४५ अंश वळते आणि आठ दाबांत एक फेरी पुरी होते. तीन-तीन असतील तर ६० अंश आणि सहा दाब. पारदर्शक पेन असेल तर फिरकीवर मार्करचा ठिपका देऊन हे मोजून बघा. आणि एक करून बघा: खटका अर्धाच दाबून सोडा. काहीही बदलणार नाही. कंगोरे खोबणीबाहेर पडलेच नाहीत, तर फिरकी वळणार कशी? खिशात चुकून थोडा दाब आला तरी पेन उघडत नाही, ते यामुळेच.

१९५४ साली आलेल्या पार्करच्या जॉटरमध्ये या फिरण्याचा आणखी एक उपयोग करून घेतला होता. खटक्याबरोबर रिफिलही वळत असे. आपण पेन नेहमी एकाच बाजूने धरतो, त्यामुळे टोकाची तीच बाजू कागदावर घासली जाते. रिफिल वळत राहिली की झीज सगळीकडे वाटली जाते.

स्प्रिंगची दोन कामं, आणि बिघाडाची मुळं

पेन उघडल्यावर सगळ्यात आधी हरवते ती स्प्रिंग. ती गेली तर फार तर टोक आत जाणार नाही, बाकी चालेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. वर पाहिलंच की फिरकीला वळवणारा जोरही स्प्रिंगचाच असतो. ती नसेल तर तिरक्या कडा एकमेकींवर दाबल्याच जात नाहीत, फिरकी वळत नाही आणि खटका नुसता लुळा खालीवर होतो. खटका ढिला लागला की आधी टोकाकडचा भाग फिरवून काढायचा आणि स्प्रिंग जागेवर आहे का ते बघायचं. पेन उघडताना टोक वरच्या बाजूला धरायचं आणि खाली ताट किंवा टॉवेल ठेवायचा. स्प्रिंग उडाली तरी सापडते.

दुसरा बिघाड याहून जास्त वेळा होतो आणि त्याचा दोष उगाच पेनवर येतो. तो म्हणजे रिफिलची लांबी. पार्करच्या पद्धतीची, आंतरराष्ट्रीय मानकात ‘जी२’ नावाने असलेली रिफिल सुमारे ९८ मिलिमीटर लांब असते. जपानी धर्तीच्या खटक्याच्या जेल पेनांच्या रिफिली साधारण ११० मिलिमीटरच्या असतात. पण दोन कंपन्यांच्या ‘सारख्याच’ दिसणाऱ्या रिफिलींतही मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक निघतो, आणि या यंत्राला तेवढा पुरतो.

रिफिल जास्त लांब असेल तर खटका पूर्ण खाली जाण्याआधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. फिरकी खोबणीबाहेर पोचतच नाही आणि खटका अडकत नाही. कधी तो अडकतो, पण बंद अवस्थेतही टोक जरासं बाहेर डोकावतं, आणि मग शर्टाच्या खिशावर निळा डाग पडतो. रिफिल आखूड असेल तर उलटं होतं: ‘टक्’ आवाज येतो, पण टोक पुरेसं बाहेर येत नाही, आणि स्प्रिंग नीट दाबली न गेल्यामुळे खटका मऊ लागतो.

आखूड रिफिलीचा इलाज सोपा आहे. संपलेल्या प्लास्टिक रिफिलीचा एक मिलिमीटरचा तुकडा कापायचा आणि नव्या रिफिलीच्या मागे बसवायचा. मागचं तोंड मोकळं राहिलं पाहिजे, कारण शाई खाली जाते तशी मागून हवा आत यावी लागते. लांब रिफिल साधी प्लास्टिकची आणि मागून उघडी असेल तर ब्लेडने मागच्या बाजूने अर्धा-अर्धा मिलिमीटर कापत जायचं आणि दर वेळी बसवून बघायचं. शाई तिथपर्यंत भरलेली असेल तर थोडं लिहून ती खाली जाऊ द्यावी. धातूची रिफिल, किंवा उलटं धरूनही लिहिणारी, आत दाबाखाली वायू भरलेली रिफिल कधीही कापू नये.

खटक्याची सगळीच पेनं फिरकीवर चालत नाहीत. काहींमध्ये खटक्यालाच लवचीक आकडा असतो. तो धडाच्या खाचेत अडकतो आणि बाजूचं बटण किंवा क्लिप दाबली की सुटतो. भाग कमी लागतात, पण वर्षभराच्या वापराने आकड्याची कड गोल होते, मग लिहितानाच टोक आत पळतं. याला घरगुती उपाय नाही. ट्विस्ट पेनमध्ये धडाच्या आत मळसूत्रासारखी तिरकी खोबण असते आणि तिच्यातून एक खुंटी सरकते. धड फिरवलं की खुंटी खाली जाते, आणि खोबणीच्या शेवटी छोटासा सपाट भाग असतो, तिथे ती थांबते. हे पेन आवाज करत नाही आणि खिशात आपोआप उघडत नाही. एकच काळजी घ्यायची: शेवट लागल्यावर आणखी फिरवायचं नाही. पेन निकामी होतं ते तिथेच.

खटका बॉलपेनला सहज जमला, कारण बॉलपेनची घट्ट शाई उघड्यावर चटकन वाळत नाही. लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये आपल्या बॉलपेनचं पेटंट घेतलं ते अशाच घट्ट शाईच्या बळावर. फाउंटन पेनची निब मात्र उघडी राहिली की वाळते. म्हणून पायलट कंपनीच्या १९६३ सालच्या कॅपलेस पेनमध्ये टोकाच्या भोकाच्या आत एक इवलंसं झाकण बसवलं आहे. निब बाहेर येताना त्याला ढकलते, निब आत गेली की ते स्प्रिंगने मिटतं आणि आतली ओल टिकते. क्लिपही निबच्या बाजूला आहे, म्हणजे खिशात लावल्यावर निब आपसूक वर राहते आणि शाई मागे उतरते.

चार रंग, एक भोक

बिकचं चार रंगांचं पेन १९७० मध्ये आलं, आणि आजही निळा, काळा, लाल, हिरवा असे चार खटके त्याच्या डोक्यावर दिसतात. अशा पेनात फिरकी नसते. प्रत्येक रिफिलीच्या मागे एक सरकपट्टी आणि तिची स्वतःची स्प्रिंग असते. सरकपट्टी खाली ओढली की तिचं मागचं टोक आतल्या बाजूला कलतं आणि धडातल्या कठड्याखाली अडकतं. मग दुसरा रंग खाली ओढला की त्याच्या सरकपट्टीचा आतला उंचवटा अडकलेल्या पट्टीला बाजूला सारतो, ती कठड्यावरून निसटते आणि तिची स्प्रिंग तिला वर खेचते. म्हणून लिहिणं झाल्यावर पेन बंद करायचं तर दुसरा कोणताही खटका निम्मा दाबून सोडायचा.

चारही रिफिली कडेला असतात आणि भोक मात्र मध्यभागी. बाहेर येणारी प्रत्येक रिफिल थोडी वाकून मध्यभागी येते. बारीक आणि लवचीक नळीशिवाय हे जमत नाही, आणि बारीक नळी म्हणजे शाई कमी. बहुरंगी पेनची रिफिल लवकर संपते, ती यामुळे. यांत बऱ्याच ठिकाणी ‘डी१’ प्रकारची धातूची रिफिल वापरतात: लांबी ६७ मिलिमीटर, जाडी २.३५ मिलिमीटर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डी१ रिफिली बहुतेक वेळा एकमेकींच्या जागी चालतात, ही या मापाची मोठी सोय आहे.

डी१ बदलताना ती नखाने किंवा बारीक चिमट्याने सरळ ओढायची, वाकवायची नाही. नवी बसवताना पार शेवटपर्यंत दाबायची. अर्धवट बसलेली रिफिल हे या पेनांचं सर्वांत मोठं दुखणं आहे: टोक बाहेर कमी येतं, आणि लिहिताना दाब पडला की आणखी मागे सरकतं. दोन खटके एकदम दाबले तर दोन टोकं भोकात एकमेकांना अडवतात. अशा वेळी जोर लावू नका. पुढचा भाग फिरवून काढा, दोन्ही रिफिली मागे जाऊ द्या, मग भाग परत लावा.

ट्विस्ट प्रकारच्या बहुउपयोगी पेनात हे काम एकच तिरका कापलेला नळकांडा करतो. त्याची कड एका ठिकाणी सर्वांत पुढे असते. धड फिरवलं की तो उंच भाग ज्या सरकपट्टीवर येईल तिला पुढे ढकलतो, बाकीच्या स्प्रिंगने मागे राहतात. या रचनेत दोन टोकं एकदम बाहेर येऊच शकत नाहीत. रोजच्या वापरासाठी मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

सर्वांत देखणी युक्ती मात्र जर्मन पेनांत आहे. लॅमी आणि रोट्रिंगच्या काही बहुरंगी पेनांना एकच खटका असतो आणि धडावर रंगांच्या खुणा असतात. हव्या त्या रंगाची खूण वर, आपल्या डोळ्यांसमोर धरायची आणि खटका दाबायचा. आत एक सुटा वजनदार तुकडा असतो. तो गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला झुकतो आणि त्यावरून ठरतं की खटका कोणत्या रिफिलीला ढकलणार. पेन आडवं किंवा तिरकं धरूनच दाबावं लागतं. उभं धरलं तर वजनाला झुकायला बाजूच उरत नाही, मग भलताच रंग निघतो आणि लोक पेन खराब आहे म्हणून परत करायला जातात.

लीड पेन्सिल

शिसं पुढे सरकवण्याची पेन्सिल जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी १८२२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. जपानच्या तोकुजी हायाकावा यांनी १९१५ च्या सुमारास धातूची फिरवायची पेन्सिल बनवली. ती पुढे ‘शार्प’ नावाने विकली गेली आणि आजच्या शार्प या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं नाव तिच्यावरूनच आलं. आपण शाळेत वापरतो ती दाबायची पेन्सिल मात्र वेगळ्या तत्त्वावर चालते.

तिच्या टोकाशी ड्रिल मशीनच्या चकासारखा छोटा चक असतो. दोन किंवा तीन जबडे, बाहेरून शंकूच्या आकाराचे, पुढे रुंद आणि मागे निमुळते. भोवती एक सैल कडं, मागे स्प्रिंग. स्प्रिंग चकाला मागे ओढते, त्यामुळे रुंद भाग कड्यात घुसतो आणि जबडे शिशावर आवळले जातात. लिहिताना कागद शिशाला मागे ढकलतो, शिसं जबड्यांना मागे ओढतं, आणि पकड आणखी घट्ट होते. जितका जोर, तितकी पकड. एवढ्याशा वस्तूत याहून चांगला विचार मी तरी पाहिलेला नाही.

खटका दाबल्यावर चक, कडं आणि शिसं तिन्ही मिळून पुढे जातात. थोडं गेल्यावर कडं आतल्या पायरीवर आदळून थांबतं. चक तसाच पुढे जातो, कड्यातून निसटतो आणि जबडे उघडतात. आता शिशाला धरून ठेवतं ते फक्त टोकात बसवलेलं रबराचं बारीक कडं. खटका सोडला की उघडा चक मागे जातो, रबर शिशाला जागेवर अडवतं, आणि मागे पोचलेला चक कड्यात शिरून शिशाला नव्या जागी पकडतो. एका दाबाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर शिसं पुढे येतं.

हा क्रम माहीत असला की बिघाड लक्षणांवरून ओळखता येतो. दाबताना शिसं बाहेर येतं आणि सोडताना परत आत जातं? रबराचं कडं झिजलंय, कडक झालंय किंवा टोक उघडताना पडलंय. लिहिताना शिसं मागे सरकतं? जबड्यांवर शिशाची भुकटी साचली आहे, कडं तडकलंय किंवा ०.७ च्या पेन्सिलीत ०.५ चं शिसं घातलंय. काहीच बाहेर येत नाही? तुटलेला तुकडा टोकाच्या नळीत अडकलाय. त्यासाठी खोडरबराच्या मागे बऱ्याच पेन्सिलींना एक बारीक तार दिलेली असते. शिसं काढून घ्यायचं, खटका दाबून धरायचा म्हणजे जबडे उघडे राहतात, आणि तार पुढून आत घालायची. टाचणी वापरू नये, ती जाड असते आणि नळीचं तोंड फाकवते. पोटात एका वेळी दोन-तीनच शिशी ठेवावीत. जास्त भरली तर ती चकाच्या तोंडाशी एकमेकांत अडकतात.

शेवटचा तुकडा वाया का जातो, हेही इथेच कळतं. चकापासून टोकाच्या तोंडापर्यंत दहा-पंधरा मिलिमीटर अंतर असतं. शिसं त्याहून आखूड झालं की जबड्यांना धरायला काही उरत नाही. ६० मिलिमीटरच्या शिशातले १२ मिलिमीटर असे गेले, म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

शिसं का तुटतं

०.५ लिहिलेलं शिसं प्रत्यक्षात सुमारे ०.५६ मिलिमीटर जाड असतं, ०.३ चं सुमारे ०.३८, आणि ०.७ चं मात्र ०.७ च्या आसपास. वाकून तुटायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ०.७ चं शिसं ०.५ च्या जवळजवळ दुप्पट जोर सोसतं, आणि ०.३ चं जेमतेम एक तृतीयांश. दुसरा नियम: बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की सोसण्याची ताकद निम्मी होते. पहिली-दुसरीतल्या मुलाला ०.७ द्यावं आणि एक-दोन दाबांपुरतंच शिसं बाहेर काढायची सवय लावावी. २बी सारखी मऊ शिशी एचबीपेक्षा लवकर तुटतात, हेही धरून चालावं.

जपानी कंपन्यांनी या तुटण्यावर बरंच डोकं लढवलंय. झेब्राच्या डेलगार्डमध्ये उभा दाब वाढला की एक स्प्रिंग शिशाला वर उचलते आणि तिरका दाब वाढला की टोकाची नळी पुढे येऊन शिशाला झाकते. पेंटेलच्या ओरेंझमध्ये शिसं नळीबाहेर काढायचंच नाही. जसं झिजेल तशी नळी मागे सरकते, म्हणून ०.२ चं शिसंही टिकतं.

मित्सुबिशी पेन्सिलच्या कुरु तोगामध्ये (२००८) आपली सुरुवातीची फिरकी पुन्हा भेटते. शिसं कागदाला टेकलं की चक केसभर वर जातो आणि त्याच्यावरचे तिरके दाते वरच्या चक्राच्या दात्यांत शिरून थोडे वळतात. पेन्सिल उचलली की स्प्रिंग त्याला खाली आणते, खालचे दाते भिडतात आणि तो आणखी थोडा वळतो. एका टेकण्या-उचलण्यात ९ अंश, म्हणजे ४० वेळा उचललं की शिशाची एक फेरी. शिसं सगळ्या बाजूंनी सारखं झिजतं आणि रेघ जाड होत नाही. पण हात उचलला तरच. बारीक रेघांच्या जपानी अक्षरांना हे फार मानवतं. आपली देवनागरीही बरी, अक्षराला हात उचलावा लागतो, शिरोरेषेला पुन्हा उचलावा लागतो. मोडीसारखी हात न उचलता पळणारी लिपी कोणी या पेन्सिलीने लिहिली तर शिसं फारसं फिरणारच नाही. जोडून लिहिलेल्या इंग्रजीलाही तोच अनुभव येतो.

पेन आणि पेन्सिल एकाच धडात

झेब्राने १९७७ मध्ये शार्बो आणला, तेव्हा बॉलपेन आणि लीड पेन्सिल एकत्र आली. इथे पेन्सिलीचं अख्खं यंत्र, म्हणजे चक, कडं, स्प्रिंग आणि रबर, एका बारीक नळीत असतं आणि रिफिलीसारखंच पुढे येतं. ते जागेवर अडकल्यावर तोच खटका आणखी थोडा दाबला, किंवा काही रचनांत डोक्यावरची टोपी दाबली, की शिसं सरकतं. दोन गोष्टी समजून घ्यायच्या. भोक एकच, आणि ते पेनच्या टोकालाही पुरलं पाहिजे व पेन्सिलीच्या नळीलाही, म्हणून टोक थोडं हलतं. हिशेब-टिपणाला चालतं, नेमक्या मापाच्या आखणीला नाही. दुकानात घेताना प्रत्येक टोक बाहेर काढून नखाने बाजूला ढकलून बघा. जे सर्वांत जास्त हलेल, त्याच्याने दोन ओळी लिहून मगच ठरवा.

शिसं भरताना आधी पुढचा भाग फिरवून काढायचा, पेन्सिलीची नळी सरळ मागून ओढून सोडवायची आणि तिच्या मागच्या तोंडातून एक, फार तर दोन शिशी घालायची. नळी परत शेवटपर्यंत दाबून बसवायची. टोकाकडून शिसं घालायची घाई करू नये. उलटं ढकललेलं शिसं आत तुटलं तर तो तुकडा काढायला सगळा चक सोडवावा लागतो, आणि इतका बारीक चक परत जुळवणं कठीणच.